कापसातली ऊब

भूतबीत काही नसतं, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. अकोल्यात शाळेवर विज्ञानाची मास्तरीण होते. एकदा शाळेच्या फाटकाला कोणीतरी लिंबू-मिरच्या बांधल्या, तर मी ते लिंबू काढून सरबत केलं आणि हेडमास्तरांना पाजलं. नोकरीतून रिटायर झाले, पण स्वभाव काही रिटायर झाला नाही. आमचे यजमान म्हणायचे, "ललिते, तुझ्या तोंडापुढं भूत टिकन तरी कसं?" ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली आणि कधी परत येऊन दारात उभे राहिले नाहीत. आले असते तर मी काही हाकलून दिलं नसतं. पण आले नाहीत. म्हणून सांगते, नसतं.

तेल्हाऱ्याच्या एसटीत बसून हे सगळं मी स्वतःलाच बजावत होते. कारण आदल्या दिवशी माहेरच्या गावाहून बिल्कीसचा फोन आला होता. बिल्कीस आमच्या दादाच्या घरामागं राहते, दोन्ही घरांच्या मधे नुसती एक गल्ली. बाई कधी उगाच फोन करत नाही.

"आपा, तुमी एक डाव येऊन जा," ती म्हणाली. "किशोरची बायको दुपारभर कापसात झोपून राहते. बोलली त म्हणते, किशोर हाये आत. आशाबाई बी तेच म्हणतात. आन् ते पोट्टी, आपा, सगळं अंग खाजवून खाजवून लाल करून ठेवलं तिनं. अजून तिले कोणी सांगतलंच नाही. मले त आता त्या घरात जायचं भेव लागते."

किशोर माझा भाचा. दादाचा एकुलता एक. कॉलेजसाठी अकोल्यात, जठारपेठेत माझ्याकडंच राहिला होता. मला मूलबाळ नाही, त्यामुळं शिव्या द्यायला हक्काचं पोर तेवढंच. मागच्या दिवाळीच्या तोंडावर कापसाचा पहिला वेचा चालू असताना अवकाळी पाऊस आला. किशोर आणि त्याची बायको प्रणालीनं भिजत भिजत कापूस वेचला, घरात आणून टाकला, आणि त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. पोरानं ताप घरीच अंगावर काढला. अकोल्याला दवाखान्यात आणला तेव्हा डेंग्यू पार हाताबाहेर गेला होता. मी त्याच्या उशाशीच होते. त्याचा हात माझ्या हातात गार झाला, आता याहून जास्त काही सांगत नाही.

त्याला घरी आणलं तेव्हा त्याची पोरगी आकांक्षा, आमची आकू, बिल्कीसकडं ठेवली होती. चार वर्षांची पोर, बघायला नको म्हणून. ती विचारायची, बाबा कुठाय? जो तो सांगायचा, बाबा झोपला. मीही तेव्हा काही बोलले नाही, कारण वाटलं, हे आईचं काम, दिवस झाले की प्रणाली सांगेल. आता संक्रांतही होऊन गेली होती.

घरी पोचले तर किशोरची आई, आशावहिनी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या. मला पाहून सूप बाजूला ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बरं झालं आल्या, ललिताबाई. हातपाय धुवा आन् किशोरले भेटून घ्या."

 पाणी मागितलं, ते प्यायले, मग आत गेले.

दादानं हयातीत बांधलेलं स्लॅबचं घर आहे. समोर बैठक, बाजूला स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीत कापूस. आमच्याकडं हे नवं नाही. भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो. पाहुणा आला तर माणसं ओसरीवर झोपतात, कापूस खोलीत झोपतो. खोलीतला पंखा काढून ठेवायचा, काडीपेटी आत न्यायची नाही आणि घरभर खाज सुटली की ती कापसातल्या किड्यांची, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. मागच्या खिडकीपासून कापूस पार छताला टेकलेला होता आणि दाराकडं उतरत येऊन भिंतीशी गुडघ्याएवढा झाला होता. सरकीचा तेलकट वास भरून राहिलेला. आत पाऊल टाकलं की बाहेरचा आवाज एकदम बंद होतो. कापूस आवाज गिळतो, त्यात काही चमत्कार नाही.

प्रणाली भिंतीशी, कापसाच्या उतारावर कुशीवर पडली होती. केस कापसाच्या तंतूंनी पांढरे झालेले. तिच्या शेजारी कापसात खळगा होता. उगाच पडलेला खड्डा नव्हे. डाव्या कुशीवर, एक गुडघा पोटाशी घेऊन माणूस झोपावा तसा. किशोर असाच झोपायचा. जठारपेठेत त्याच्या अंगावर चादर टाकून टाकून मला ते अंग पाठ झालं होतं.

"हळू, आत्याबाई," प्रणाली कुजबुजली. "आताच त्याचा डोया लागला."

"उठ!" मी ओरडले. "भैताडावानी काय करून राहिली? उठ तथून!"

ती चिडली नाही. तिनं माझा हात धरला आणि त्या खळग्यात नेऊन ठेवला. गरम होता. आजूबाजूचा कापूस थंडगार आणि तेवढीच जागा गरम. माणसाच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते तेवढी. माझा हात तिथून निघेना. खोटं कशाला बोलू, मला तो काढायचाच नव्हता. दवाखान्यात गार होत गेलेला हात मला आठवला आणि मी रडले. प्रणालीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पाहा," ती म्हणाली. "मी म्हणत होती ना."

पण मी पडले मास्तरीण, पाच मिनिटांत भानावर आले आणि स्वतःचाच राग आला. हात कोपरापर्यंत आत खुपसला. आतला कापूस आणखी गरम होता आणि चिकट, ओला. बाहेर काढून वास घेतला तर कुबट.

"हे पाह्य," मी तिला ओसरीवर ओढून आणलं. "तुमी तो कापूस ओला भरला. ओला कापूस दाबून ठेवला का आतून तापते. कुजते आन् तापते. उकिरड्यातून थंडीच्या दिवसांत वाफ निघते का नाही? तिथं कोण झोपलेलं असते, तुहा सासरा?"

"मंग बाकीचा काहून गार आहे?"

"बाकीचा मागून आणला. कोरडा आणला. पहिल्या दिवसाचा तेवढा ओला."

हे मी बोलून गेले आणि माझंच मला ऐकू आलं. प्रणालीच्या चेहऱ्यावर हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल कोण जाणे.

"पहिल्या दिवसाचा," ती म्हणाली. "तो त्यानंच आणला, आत्याबाई. त्यानंच पायानं दाबला, तिथंच भिंतीशी. मी म्हटलं, राहू दे, अंग तापून राहिलं तुहं. त ऐकलं नाही. मंग त्याचंच गरम होय ना ते? दुसऱ्या कोणाचं?"

घ्या! एवढी वर्षं पोरांना कार्यकारणभाव शिकवला आणि माझ्याच कारणानं माझ्या तोंडात मारली. वर वहिनी होत्याच. "त्या रात्री मी पीठ चाळलं होतं, ललिताबाई," त्या म्हणाल्या. आमच्याकडं माणूस गेला की त्याच्या जागी पीठ चाळून पसरतात, वर दिवा ठेवून टोपलं पालथं घालतात आणि सकाळी पाहतात. पाखराचं पाऊल उमटलं तर पाखराच्या जन्माला गेला, मुंगी फिरली तर मुंगीच्या. "किशोरच्या पिठावर काहीच नाही उमटलं. कोरं होतं. मंग तो गेला कुठी? गेलाच नाही."

"घरात उंदराचं औषध टाकून ठेवता," मी म्हटलं, "मुंग्यांची पावडर टाकता, मंग त्या पिठात पाऊल उमटवायले कोण येईन, तहसीलदार?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मी बोलून चुकले होते. पण मला वहिनींशी भांडायचं नव्हतंच. माझा जीव अडकला होता त्या पोरीत. आकू तेवढ्यात मागच्या गल्लीतून आली, गळ्यात अंगणवाडीची पाण्याची बाटली, मानेवर खाजवून खाजवून फोड आलेले, खोकत होती. माझ्या मांडीवर बसली आणि विचारलं, "अकोल्याची आजी, तू बाबाले पाह्यलं? झोपलाय ना?"

प्रणाली दारात उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान फिरवली.

संध्याकाळी चुलीशी मी तिला धरलं. "प्रणाली, मले भूत पाहिजे नाही आन् देव बी पाहिजे नाही. तुले कापसात झोपायचं असन त झोप, जन्मभर झोप. पण पोरीले सांग. तिले तिचा बाप मेला हे तिच्या मायनं सांगतलं पाहिजे. उद्या शाळेत कोणी पोट्टं सांगन, तवा तिनं काय करावं?"

"काय सांगू?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "तो शब्द माह्या तोंडातून निघत नाही, आत्याबाई. मी लोकांपुढं बी म्हटला नाही अजून. ज्याचं जळते त्याले कळते. आन् तो हाये ना घरात. मी खोटं कशाले सांगू?"

"आन् नसला त?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "नाही हे तुमी दाखवा. दाखवलं त मी सांगीन."

ठीक आहे, म्हटलं. दाखवते. मला तरी दुसरं काय येतं? मी दुपारीच विचार करून ठेवला होता. खळगा होतो कारण प्रणाली तिथं झोपते आणि खालचा कापूस बसत जातो. तर कोणालाच आत जाऊ द्यायचं नाही. खळगा बुजवून वरून कापूस सारखा करायचा आणि कुलूप लावायचं. मागच्या खिडकीला गज नाहीत, कापूस टाकता यावा म्हणून दादानं मुद्दामच ठेवले नाहीत, पण ती कापसानं जवळजवळ बुजली होती आणि फळ्या ओढलेल्या होत्या. तिथून माणूस येणं शक्य नव्हतं. खळगा परत पडला नाही म्हणजे झालं. प्रणाली तयार झाली. वहिनी म्हणाल्या, "मी पीठ चाळीन."

"चाळा," मी म्हटलं. मला काय, पुरावा तो पुरावा. भिंतीशी कापूस संपतो तिथं फरशीवर त्यांनी ज्वारीचं पीठ चाळलं, अगदी मन लावून, आणि हात जोडले. मी कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. एका पिठावर आम्ही दोघी नणंद-भावजया, त्यांना काहीतरी उमटायला हवं होतं आणि मला काहीच उमटायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिघी दारापुढं उभ्या राहिलो. मी कुलूप काढलं.

खळगा होता.

होता तिथंच होता. मी माझ्या हातांनी बुजवलेला, आणि परत तसाच, भिंतीकडं तोंड करून झोपल्यासारखा. आणि पिठावर पाऊल. एकच, स्वच्छ, पाचही बोटं उमटलेलं. एवढंसं.

"माय वो!" वहिनी मटकन खाली बसल्या. "लेकराचं पाऊल! माणसाच्या जन्माले आला! माहा किशोर माणसाच्या जन्माले आला!" आणि त्या हसत होत्या आणि रडत होत्या. प्रणाली पिठाशी वाकली, बोट लावायला गेली आणि मागं घेतलं. मी खळग्यात हात घातला. गरम तर होताच, पण वरून ओला होता. आज वरून ओला. जिथं रात्रभर कोणी गेलं नाही तिथं.

 भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि आता माझ्याच दातांवर दात वाजत होते. मी बाहेर आले, ओसरीवर बसले.  वहिनींनी शिरा करायला घेतला. किशोर जन्माला आला म्हणून.

संध्याकाळ होईतो मी तशीच बसून होते. घरात तुपाचा वास, प्रणाली गाणं गुणगुणत होती. आणि मला वाटू लागलं, असेना का! असला तर माझं काय बिघडतं? माझाच तर आहे. पण मग आकू खोकत आली आणि प्रणालीनं तिच्या कानात सांगितलं, "बाबा खुशाल आहे बरं." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. असो की नसो, या पोरीला हे पेलायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनींना सांगितलं, बिल्कीसकडं चालले. आणि गेले त्या खोलीत. आतून दार लावून घेतलं, दाराआडच्या पोत्यांमागं बसले. खळगा मी सकाळीच परत बुजवला होता.

फळ्यांच्या फटीतून येणारा उजेड कापसावर पडून पिवळट झाला होता. आवाज कसलाच नाही. माझाच श्वास मला ऐकू येत होता, तोही दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मधेच ढीग आपोआप बसायचा, फस्स असा बारीक आवाज यायचा, झोपेत कूस बदलताना माणूस सोडतो तसा. मी मनाशी म्हणत होते, ओल, उष्णता, वजन. ओल, उष्णता, वजन. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "किशोर?" हो, माझ्याच. लिंबाचं सरबत करणारीच्या.

वरून कापूस घसरला.

आधी थोडासा, मग भसकन. छताजवळ काहीतरी हललं. खिडकीची एक फळी बाजूला झाली, उजेडाची रेघ आत आली आणि त्या रेघेतून काहीतरी लहानसं कापसावरून पोटावर घसरत खाली आलं. मी डोळे मिटले. उघडले तर भिंतीशी आकू उभी. केसांत कापूस, गळ्यात बाटली.

तिला मी दिसले नाही. तिनं हातांनी कापूस चाचपला, बरोबर जागा शोधली आणि दोन्ही हातांनी वरचा कापूस बाजूला करत गेली. माहेर माझं, शिक्षण माझं, कुलूप माझं, आणि खळगा करत होती ही चार वर्षांची पोर. मग तिनं फ्रॉकमधून एक घडी केलेलं फडकं काढलं. किशोरच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचा तुकडा. बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, पिळलं. नीट पिळता येत नाही तिला, अर्धं पाणी कापसातच सांडलं. ते फडकं तिनं खळग्याच्या डोक्याच्या बाजूला ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

"उठू नको, बाबा," ती म्हणाली. "अजून गरमच हाये."

मी पोत्यांमागून बाहेर आले. ती दचकली नाही. बोट ओठांवर ठेवलं. "श्श्. बाबा झोपलाय."

"काय करून राहिली, माय?" मी विचारलं.

"पट्ट्या ठेवून राहिली. ताप उतरतच नाही, आजी. रोज ठेवतो मी." मग तिनं समजावून सांगितलं, मी अडाणी असल्यासारखं: बाबा घरात आजारी होता तेव्हा मम्मी पट्ट्या बुडवून द्यायची आणि ती ठेवायची. तेव्हाही उतरत नव्हता. मम्मी म्हणाली होती, ताप उतरला का बाबा उठन. आता मम्मीलाही झोप येते दुपारी, म्हणून ही एकटी येते. गल्लीतल्या दगडावर चढून, खिडकीतून, कारण दारातून आलं तर बाबाची झोप मोडते.

मला सगळं कळलं. नोव्हेंबरचा ओला कापूस संक्रांतीपर्यंत गरम राहतच नाही, कधीच गार व्हायला हवा होता, हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. रोज पाणी मिळत होतं त्याला. पोर ताप उतरावा म्हणून पाणी घालत होती आणि पाण्यानंच तो तापत होता, तापला की ती आणखी घालत होती. पाऊलही तिचंच. यात नैसर्गिक नाही असं काहीही नव्हतं. आणि मला त्याचा कणभर आनंद झाला नाही.

मी दार उघडून प्रणालीला हाक मारली. हाताला धरून आणली, दारात उभी केली. आकू फडकं परत ओलं करत होती.

प्रणालीनं पाहिलं. बाटली पाहिली, दुपट्ट्याचा तुकडा पाहिला, पोरीच्या लाल झालेल्या कोपरावरून ओघळणारं पाणी पाहिलं. तिचे ओठ हलले. "पानी," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पानी होतं ते." मी मान हलवली. मला वाटलं आता ही कोसळते. ती कोसळली नाही. पुढं गेली, लेकीच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि तिला कडेवर घेतलं. पार कुशीत दाबून धरलं. "लय दिवस पट्ट्या ठेवल्या तू," ती म्हणाली. "आता मी आली."

त्याच दुपारी खोली उपसली. बिल्कीस आणि तिची सून आल्या. सगळ्या मिळून गाठोडी बांधून कापूस गच्चीवर नेला आणि उन्हात पसरला. भिंतीजवळचा कापूस निघाला तेव्हा आतून पिवळा, काळपट पडलेला गोळा निघाला, त्यातून वाफ येत होती, वास मारत होता. वहिनी लांब उभ्या होत्या. त्यांनी त्याला नमस्कार केला. त्यांना मी काही म्हटलं नाही. प्रणालीनं तो गोळा स्वतः उचलला, छातीशी धरून पायऱ्या चढली, कोणाला हात लावू दिला नाही. गच्चीवर बसून हातांनी तो तंतू तंतू मोकळा केला.

ऊन उतरलं. गच्चीभर पांढरं, कडेला तो पिवळट कापूस. आकू त्यात फिरत होती, इथं हात लाव, तिथं हात लाव. वाकून वाकून तिनं सगळा कापूस चाचपला. मग पळत आली.

"उतरला! मम्मी, बाबाचा ताप उतरला! गार झाला!" तिनं टाळ्या वाजवल्या. "आता उठन ना?"

 वहिनी घाईनं म्हणाल्या, "बाबा झोपला..." आणि प्रणालीनं हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्याकडं पाहिलं. मी दाखवलं होतं आणि आता तिनं दिलेला शब्द तिला पाळायचा होता. मी खाली बघितलं. त्या क्षणी मला वाटलं, नको सांगू, राहू दे, माझंच चुकलं.

प्रणाली पोरीपुढं गुडघ्यांवर बसली. तिच्या केसातला कापूस काढला.

"नाही उठणार, आकू," ती म्हणाली. "बाबा मेला. अकोल्याले दवाखान्यात नेला तवाच मेला. आपल्या घरात तो नाही. कापसात बी नव्हता. मी तुले खोटं सांगतलं."

तो शब्द तिच्या तोंडातून निघाला. बिल्कीसनं ओढणीत तोंड लपवलं. आकू आईकडं बघत राहिली, मग कापसाकडं, मग स्वतःच्या हाताकडं. ती रडली नाही. भुवया आक्रसून विचार करत होती, अगदी किशोर गणित सोडवताना करायचा तशी. मग ती माझ्याकडं वळली.

"आजी, तू शायेत शिकवत होती ना?"

"हाव, माय."

"मंग गरम कोन होतं?"

मला उत्तर येत होतं. सगळं येत होतं, ओल, बुरशी, सरकी, पाणी. पण त्या उत्तरात तिची बाटली होती. ते सांगितलं असतं तर त्या पोरीनं जन्मभर एकच गोष्ट लक्षात ठेवली असती, की ताप तीच वाढवत होती. आयुष्यभर एकाही पोराला मी खोटं उत्तर दिलं नव्हतं. समोर प्रणाली लेकीच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत होती. तिलाही माहीत होतं. तिनं हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"मले नाही माहीत, माय," मी म्हटलं.

तेव्हा आकू रडली. आईच्या गळ्यात पडून, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं. प्रणालीही रडली. अंधार पडेपर्यंत आम्ही कोणी कापूस गोळा करायला उठलो नाही.